अकराच्या आत ताडपत्री बांधा

उन्हाळ्यात वाळवंटातून गाडी न्यायची तर पहाटे साडेतीनला उठायची तयारी हवी. गारव्यात वाळू थोडी घट्ट असते, इंजिन कमी तापतं आणि दिवसाचं बरंचसं अंतर उजाडता उजाडता कापून होतं. अकराच्या आत थांबायचं, ताडपत्री बांधायची आणि पाचपर्यंत हलायचं नाही.

हा नियम मी एकदा मोडला. उशिरा निघालो, अकराच्या सुमाराला गाडी एक्सलपर्यंत रुतली आणि आम्ही दोघांनी भर उन्हात फावडी काढली. पाऊण तासाने सोबती असंबद्ध बोलू लागला. उष्माघाताची ही खूण आहे, घाम येत असला तरीही. त्याला सावलीत निजवलं, अंगावर पाणी ओतत राहिलो, पुठ्ठ्याने वारा घातला. शुद्ध नीट येईपर्यंत तोंडात पाणी ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तो वाचला. गाडी संध्याकाळी वीस मिनिटांत निघाली. दुपारभर ती तिथेच राहिली असती तर काय बिघडणार होतं?

रुतल्यावर अॅक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू उपसा, मग आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे या. जॅकखाली घालायला जाड फळी हवीच, नाहीतर जॅकच वाळूत जातो. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो. म्हणून हवेचा पंप घेतल्याशिवाय मी निघत नाही. हवा पहाटे, टायर गार असताना मोजा. दुपारी आकडा चढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका.

पाणी मी माणशी रोज १० लिटर धरतो, वर दोन दिवसांचं जास्तीचं. सगळं एका कॅनमध्ये नको, एक फुटला तर सगळंच गेलं. रेडिएटरचं पाणी वेगळं, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पिण्याचं पाणी पुरवून पुरवून पिऊ नका. वाचवायचा तो घाम. लघवी गडद झाली की आपण मागे पडलो असं समजा. घामाबरोबर मीठही जातं, म्हणून जलसंजीवनी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

मुक्काम कोरड्या नदीपात्रात कधीच नको. जागा सपाट आणि मोहाची असते, पण पाऊस कोसावर पडतो आणि लोंढा इथे येतो. ताडपत्र्या दोन बांधा, मध्ये वीतभर अंतर ठेवून. वरची तापते, खालची बरीच कमी. तापलेल्या जमिनीवर आडवं होऊ नका, घडीची खाट घ्या. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचू असतो.

निघण्यापूर्वी कुणाला तरी वाट लिहून द्या आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा तेही ठरवा. गाडी बंदच पडली तर तिला सोडून चालत सुटू नका. वरून माणूस दिसत नाही, गाडी दिसते. बॉनेट उघडं ठेवा आणि छोटा आरसा खिशात असू द्या; त्याची तिरीप कित्येक किलोमीटरवरून दिसते.