परदेशात भाड्याने गाडी घेऊन फिरण्यापूर्वी: वाहतूक नियम आणि आवश्यक साहित्य कसे तपासावे

युरोपात भाड्याने गाडी घेऊन दोन-तीन देश फिरून येणे आता मराठी कुटुंबांना नवलाचे राहिलेले नाही. शेंगेन व्हिसावर सीमा ओलांडताना बहुधा कोणी थांबवत नाही. त्यामुळे देश बदलला आणि त्याबरोबर वाहतुकीचा कायदाही बदलला, हे चालकाच्या लक्षातच येत नाही. गाडी कुठे नोंदवलेली आहे किंवा परवाना कोणी दिला आहे, याने चालवण्याचे नियम ठरत नाहीत. ज्या रस्त्यावर चाक फिरते त्या देशाचाच नियम लागू होतो. म्हणून तयारीची सुरुवात नकाशावरून करावी. उदाहरणासाठी म्युनिकहून निघून इन्सब्रुक, ब्रेनर, व्हेरोना, मिलान, गॉटहार्ड, ल्युसर्न, झ्युरिक, ब्रेगेन्झ असे करत पुन्हा म्युनिकला येणारी फेरी घेऊ. या एका फेरीत जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड असे चार देश येतात, आणि ऑस्ट्रिया दोनदा लागतो.

१. आधी परवाना

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा. त्याचा अर्ज नमुना ४-अ मध्ये सारथी संकेतस्थळावर भरता येतो. तो एक वर्ष किंवा मूळ परवान्याची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. मूळ परवान्याची मुदत जवळ आली असेल, तर आधी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते करता येते.

ही पुस्तिका म्हणजे स्वतंत्र परवाना नव्हे. ती मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर असते आणि मूळ कार्डासोबत दाखवली तरच ग्राह्य धरली जाते. भारतात डिजिलॉकरमधला परवाना पोलिसांना दाखवण्याची आपल्याला सवय झाली आहे. तिथे मोबाइलच्या पडद्यावरचा परवाना उपयोगाचा नाही, प्रत्यक्ष कार्ड खिशात असावे लागते.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जाणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने आणि स्वित्झर्लंडमध्ये बारा महिने भारतीय परवाना चालतो, त्यानंतर तिथला परवाना काढावा लागतो. जर्मनीत भारतीय परवाना परीक्षेशिवाय बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

२. गाडी आरक्षित करताना विचारायच्या गोष्टी

ही गाडी कोणकोणत्या देशांत नेण्याची परवानगी आहे, हे लेखी विचारावे. परवानगी नसलेल्या देशात अपघात झाला, तर विमा नाकारला जाऊ शकतो. अनामत रकमेसाठी अनेक ठिकाणी चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्डच मागतात. स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्याने गिअर उजव्या हाताने टाकावे लागतात. नवख्या माणसाने हा ताण अंगावर न घेता थोडे जास्त भाडे भरून ऑटोमॅटिक गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांच्या आसनांबाबत मार्गावरील सर्वांत कडक नियम सर्वत्र पाळणे सोपे पडते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये मूल बारा वर्षांचे किंवा १५० सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, इटलीत १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत, तर ऑस्ट्रियात चौदा वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर होईपर्यंत योग्य आसन बंधनकारक आहे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलालाही बूस्टर लागतो, आणि मूल मांडीवर घेऊन बसण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

३. किल्ली हाती येताच डिक्की उघडून पाहावी

गाडीत साहित्य ठेवणे भाड्याच्या कंपनीचे काम असले, तरी रस्त्यावर पोलीस जाब चालकालाच विचारतात. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि परावर्तक जाकीट या तिन्ही वस्तू सक्तीच्या आहेत. इटलीत त्रिकोण लागतो आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीतून उतरताना जाकीट अंगावर असावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये सक्ती फक्त त्रिकोणाची आहे. तो साध्या रस्त्यावर गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर आणि वेगवान रस्त्यावर किमान १०० मीटरवर ठेवायचा असतो.

कायद्याला एक जाकीट पुरत असले, तरी गाडीतल्या प्रत्येकासाठी एक असावे, आणि ती डिक्कीत न ठेवता आसनाखाली किंवा दाराच्या कप्प्यात ठेवावीत. जाकीट उतरण्यापूर्वी घालायचे असते. डिक्कीतून ते काढण्यासाठी भरधाव रस्त्यावर उतरावे लागले, तर त्याचा हेतूच संपतो.

जुन्या माहितीपासून मात्र सावध राहावे. फ्रान्समध्ये गाडीत मद्यचाचणीची नळी हवीच, असे आजही अनेक याद्यांत लिहिलेले असते. ती सक्ती २०२० मध्येच उठली. उलट स्पेनमध्ये २०२६ च्या सुरुवातीपासून तिथे नोंदवलेल्या गाड्यांना त्रिकोणाऐवजी छतावर ठेवायचा व्ही-१६ हा लुकलुकणारा दिवा लागतो. म्हणून यादी कोणत्या वर्षाची आहे, हे आधी पाहावे.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी टायरही पाहावेत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असल्यास हिवाळी टायर आवश्यक असतात. जर्मनीत तारखा ठरलेल्या नाहीत, रस्त्याच्या स्थितीवरून नियम लागू होतो, आणि टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असावे लागते. मे महिन्यात जाणाऱ्यांची अडचण वेगळी. फुर्का किंवा स्टेल्व्हिओसारखे उंच घाट मे संपत आला तरी बर्फामुळे बंद असू शकतात, त्यामुळे पर्यायी मार्ग आधीच आखून ठेवावा.

४. टोलची व्यवस्था देशागणिक समजून घ्यावी

जर्मनीत मोटारींना महामार्गावर टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा पास, घ्यावा लागतो; किती किलोमीटर गेलात याच्याशी त्याचा संबंध नसतो. ऑस्ट्रियात एक दिवसाचा आणि दहा दिवसांचा पास मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये फक्त वार्षिक पास असून त्याची किंमत ४० फ्रँक आहे. एका दिवसासाठी गेलात तरी तोच घ्यावा लागतो, आणि पासाशिवाय पकडले गेल्यास २०० फ्रँक दंड आणि वर पासाचे पैसे भरावे लागतात. १७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्याला मात्र वेगळा टोल नाही. ब्रेनरचा महामार्ग या व्यवस्थेत अपवाद आहे. तिथे पास चालत नाही, स्वतंत्र टोल भरावा लागतो.

डिजिटल पास गाडीच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, त्यामुळे भाड्याच्या गाडीसाठी तो भारतातून घेऊन ठेवता येत नाही. गाडी ताब्यात आली की सीमा ओलांडण्यापूर्वी, ऑस्ट्रियासाठी आस्फिनाग या महामार्ग कंपनीच्या आणि स्वित्झर्लंडसाठी तिथल्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून तो घ्यावा. शोधयंत्रात वर दिसणारे मध्यस्थ त्याच पासासाठी जास्त पैसे उकळतात.

इटलीत बहुतेक महामार्गांवर आत शिरताना तिकीट घेऊन बाहेर पडताना पैसे भरायचे असतात. पिवळ्या टेलेपास पाटीची रांग फास्टॅगसारखे यंत्र बसवलेल्यांसाठी राखीव असते. तिथे चुकून शिरू नये.

५. रस्त्यावरच्या सवयी बदलाव्यात

उजवीकडून चालवणे दोन तासांत अंगवळणी पडते. खरी परीक्षा होते ती पेट्रोल भरून निर्मनुष्य रस्त्यावर परत येताना, कारण तेव्हा समोर दुसरी गाडी नसते आणि हात आपोआप डावीकडे वळतो. आपल्याकडच्या ‘फ्री लेफ्ट’च्या सवयीमुळे तिथे लाल दिवा असतानाही उजवीकडे वळण्याचा मोह होतो. तसे वळता येत नाही. जर्मनीत सिग्नलशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण असेल, तर गाडी पूर्ण थांबवून मगच वळता येते.

पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, मग तो लहान गल्लीतून येत असला तरीही. पांढऱ्या किनारीचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला, तर आपण प्राधान्याच्या रस्त्यावर आहोत असे समजावे. त्याच चिन्हावर काट मारलेली दिसली की ते प्राधान्य संपले. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा आपला परिचित नियम आल्प्समध्येही लागू आहे. मात्र निळ्या पाटीवर पिवळे शिंग रंगवलेल्या स्विस डोंगरी रस्त्यांवर पोस्टाच्या बसचा चालक सांगेल ते ऐकावे लागते.

वेगमर्यादेचा सर्वांत फसवा भाग म्हणजे गावाच्या नावाची पाटी. जर्मनीत पिवळ्या पाटीवर गावाचे नाव दिसले की त्या क्षणापासून ५० ची मर्यादा सुरू होते. ५० चा आकडा वेगळा लिहिलेलाच नसतो. नावावर तिरपी लाल रेघ आली की गाव संपले. गावाबाहेर साध्या रस्त्यावर जर्मनी आणि ऑस्ट्रियात १००, इटलीत ९० आणि स्वित्झर्लंडमध्ये ८० ही मर्यादा आहे. महामार्गावर ऑस्ट्रिया आणि इटलीत १३०, स्वित्झर्लंडमध्ये १२०; इटलीत पाऊस असल्यास ११०. जर्मन महामार्गाच्या काही भागांत मर्यादा नाही हे खरे, पण तिथे उजवीकडून ओलांडणे गुन्हा आहे आणि इंधन संपून गाडी थांबणेही दंडास पात्र ठरते, कारण ते टाळता येण्याजोगे होते. स्वित्झर्लंडमध्ये वस्तीत मर्यादेपेक्षा ताशी एक ते पाच किलोमीटर जास्त वेगालाही ४० फ्रँक दंड बसतो.

महामार्गावर वाहने खोळंबू लागताच रुग्णवाहिकेसाठी मधली वाट मोकळी ठेवणे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचे आहे. सर्वांत डाव्या मार्गिकेतील गाड्या डावीकडे आणि उरलेल्या सर्व उजवीकडे सरकतात. भोंगा ऐकू येण्याची वाट पाहायची नसते.

मद्याची मर्यादा या चारही देशांत रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे. ती भारतातील ०.३ ग्रॅमपेक्षा सैल असली, तरी फेरी चेक प्रजासत्ताक किंवा हंगेरीपर्यंत वाढवली तर तिथे ती शून्य आहे.

६. इंधन आणि पार्किंग

युरोपीय संघात पंपाच्या नळीवर आणि टाकीच्या झाकणावर सारखीच चिन्हे असतात: पेट्रोलसाठी वर्तुळ, डिझेलसाठी चौरस. भाषा कळली नाही तरी आकार जुळवून पाहावा.

पार्किंगच्या रंगांवर मात्र विसंबू नये, कारण सीमेपलीकडे त्यांचा अर्थ बदलतो. इटलीत पांढरी रेघ साधारणपणे मोफत आणि निळी सशुल्क. स्वित्झर्लंडमध्ये पांढरी बहुधा सशुल्क, तर निळ्या जागेत काचेमागे वेळ दाखवणारी चकती ठेवून मर्यादित वेळ मोफत उभे राहता येते. पिवळी जागा दोन्हीकडे टाळावी.

इटलीतील जुन्या शहरांत झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र, असते. परवानगी नसलेली गाडी आत शिरताच कॅमेरा क्रमांक टिपतो, आणि दिशा दाखवणारे ॲप खुशाल आत घेऊन जाते. फ्लॉरेन्ससारख्या शहरात हॉटेल अशा क्षेत्रात असेल, तर गाडीचा क्रमांक हॉटेलकडून आधी नोंदवून घ्यावा किंवा गाडी बाहेरच्या वाहनतळावर ठेवावी.

७. परतल्यानंतर

भाड्याचा करार, पासाच्या पावत्या आणि पार्किंगची तिकिटे किमान वर्षभर जपून ठेवावीत. इटलीत परदेशी रहिवाशाला दंडाची नोटीस पाठवण्यास ३६० दिवसांची मुदत असते. त्याआधीच भाड्याची कंपनी चालकाचे नाव पोलिसांना कळवल्याबद्दल कार्डावरून शुल्क कापते. अनेकांना तोच दंड वाटतो. प्रत्यक्षात दंड नंतर वेगळा येतो. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत पैसे भरल्यास बहुतेक गुन्ह्यांत ३० टक्के सवलत मिळते. म्हणून पत्रावरील तारीख आणि गाडीचा क्रमांक कराराशी जुळतो का, हे लगेच ताडून पाहावे आणि दंड पत्रात दिलेल्या अधिकृत मार्गानेच भरावा.