स्विचवर डीएनएस लावताना या चुका टाळा

डीएनएस म्हणजे यंत्राच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सोय. कमांडमध्ये एक अक्षर चुकलं की सिस्कोच्या स्विचला (नेटवर्कची यंत्रं जोडणारा डबा) ते कुठल्यातरी यंत्राचं नाव वाटतं. नेम-सर्व्हर, म्हणजे डीएनएसचा सर्व्हर, दिलेला नसेल तर तो २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच, त्याचा पत्ता विचारत बसतो आणि स्क्रीन अडकते. नवशिक्यांना तेवढा धीर नसतो. कुठूनतरी 'नो आयपी डोमेन-लुकअप' उचलतात आणि चिकटवून मोकळे होतात. अडकणं थांबतं खरं, पण नावावरून पत्ता शोधायचं स्विचचं कामच बंद पडतं. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

रत्नागिरीत एका मासळीच्या कारखान्यात याचा फटका पाहिला. पावसाळ्यात लाइटची ये-जा चालूच. एका रात्री शीतगृहाकडचे कॅमेरे बंद पडले. कधी पडले ते बघायला लॉग उघडला, तर ओळीमागून ओळ १ मार्च १९९३! त्या स्विचमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की घड्याळ तिथूनच सुरू होतं आणि खरी वेळ एनटीपी सर्व्हरकडून (नेटवर्कवरून वेळ देणारा सर्व्हर) घ्यावी लागते. एनटीपी सर्व्हर दिलेला नावाने, आणि नाव शोधणं कुणीतरी आधीच बंद करून ठेवलेलं. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगशी लॉग काही जुळेना. पोरं दिवसभर केबली तपासत फिरली.

मी लुकअप चालूच ठेवतो, 'आयपी नेम-सर्व्हर'ला दोन पत्ते देतो आणि कन्सोल (थेट केबलने जोडायची) व व्हीटीवाय (नेटवर्कवरून लॉगिन करायची) लाइनवर 'ट्रान्सपोर्ट प्रेफर्ड नन' लिहितो. मग चुकलेल्या शब्दावर स्विच लगेच एरर देतो, शोधत बसत नाही. तरी कुठे अडकलाच, तर कंट्रोल-शिफ्ट-६.

"स्विचवर डीएनएस टाकला, तरी पीसीवर साइट उघडत नाही," हे तर चिपळूणपासून मालवणपर्यंत सगळीकडे ऐकतो. अहो, ती ओळ स्विचच्या स्वतःच्या वापराची! पीसीला डीएनएसचा पत्ता डीएचसीपीतून, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीतून, मिळतो. स्विचच डीएचसीपी देत असेल, तर डीएचसीपीच्या पूलमध्ये (वाटायच्या पत्त्यांच्या सेटिंगमध्ये) 'डीएनएस-सर्व्हर' वेगळा लिहावा लागतो.

नुसता ८.८.८.८ (गुगलचा सार्वजनिक डीएनएस) टाकू नका, ऑफिसातल्या सर्व्हरची नावं त्याला कुठून ठाऊक असणार? स्विचवर आयपी राउटिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट काढून देणं) चालू असेल तर 'डिफॉल्ट-गेटवे' धरला जात नाही, डिफॉल्ट रूट द्या. 'राइट मेमरी' करून सेटिंग सेव्ह केल्याशिवाय उठू नका.

आणि नाव लागत नाही म्हणून लगेच डीएनएसच्या मागे लागू नका. आधी नेम-सर्व्हरचा आयपी पिंग करा. तोच लागला नाही, तर गेटवे आणि व्हीलॅन (स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगवेगळे भाग) बघा.