प्रोजेक्ट झोम्बॉइड: फाटक्या कपड्यांचं काय काय करावं

वाकळ शिवायला बसलं की आधी कापडं निवडावी लागतात. विरलेलं लुगडं-धोतर आत जातं, धडकं जाड कापड वर. 'प्रोजेक्ट झोम्बॉइड' या झॉम्बींपासून (चालत्या मढ्यांपासून) जीव वाचवायच्या व्हिडिओ गेममध्येही कपडे फाडण्याआधी अशीच निवड करा. इथल्या कृती गेमच्या 41 व्या आवृत्तीच्या, म्हणजे बिल्ड 41 च्या आहेत. 42 मध्ये बरंच बदललंय.

सुती शर्ट हातानेच फाटतो: त्यावर राइट-क्लिक करा आणि फाडायचा पर्याय निवडा. जीन्स आणि चामडी जॅकेटला कात्री लागते, म्हणून पहिल्या घरातच कात्री, सुई आणि दोरा शोधा. झॉम्बीच्या अंगावरच्या रक्ताळलेल्या कपड्यांतून मळक्या चिंध्या निघतात. त्या धुतल्याशिवाय जखमेवर बांधू नका. जखम चिघळते आणि भरायला फार दिवस घेते. नुसतं धुणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. त्यासाठी उकळतं पाणी, जंतुनाशक किंवा बर्बन ही दारू हवी. मग 'एच' दाबून आरोग्याचा फलक उघडा, जखमी भागावर राइट-क्लिक करून पट्टी बांधा आणि ती मळली की लगेच बदला.

पट्टीने रक्त थांबतं, झॉम्बीचा संसर्ग थांबत नाही. मूळ सेटिंगमध्ये ओरखड्यातून तो होण्याची शक्यता 7 टक्के, खोल चिरेतून 25 टक्के, आणि चाव्यातून 100 टक्के. म्हणून चिंध्यांचा खरा उपयोग जखम व्हायच्या आधी आहे, ठिगळांत.

कपड्यावर राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा आणि शरीराचा भाग निवडा. भोक असेल तर ठिगळ लागतं. भोक नसलं तरी वरून जाड थर शिवता येतो, आणि बहुतेक नवखे हेच विसरतात. एका भागाला एकच थर. सुती थराने बचाव जेमतेम वाढतो, डेनिम (जीन्सचं कापड) बरं, चामडं सगळ्यांत भक्कम.

पण हाती आलेलं चामडं लगेच शिवू नका. तुमच्या पात्राची शिवणकामातली कौशल्य-पातळी कमी असताना त्याच चामड्यातून बचाव कमी मिळतो. आधी सुती चिंध्या शिवा, उसवा, पुन्हा शिवा. शिवताना आणि उसवताना, दोन्ही वेळा अनुभव मिळतो. उसवलेलं कापड दर वेळी परत मिळेलच असं नाही, आणि दोरा तर खर्च होतोच. एका रिळात 10 वेळा शिवून होतं, त्यामुळे दोरा दिसेल तिथून उचला. हात बसला की चामड्याची सुरुवात जॅकेटच्या बाह्यांपासून करा.

उरलेल्या चिंध्यांतली एखादी फळीला किंवा फांदीला बांधली की मोडलेल्या हाडाला आधार होतो, एखादी शेकोटी पेटवायला लागते.

चादरी मात्र फाडू नका. त्या खिडकीला पडदा म्हणून लावता येतात, म्हणजे बाहेरच्या झॉम्बींना तुम्ही दिसत नाही. चादरीचा दोरही होतो. हातोडी आणि खिळा घेऊन तो वरच्या मजल्याच्या खिडकीला लावा: जिना झॉम्बींनी भरला तरी उतरायला वाट राहते.