तलफ आली की काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा

दारू किंवा पावडर (गर्द, ब्राऊन शुगर) सुटून महिना-दोन महिने झालेले असतात. घरचे जरा निश्चिंत झालेले असतात. आणि एखाद्या संध्याकाळी, काही कारण नसताना, तलफ उसळते. तोंडाला पाणी सुटतं, छातीत धडधडतं आणि डोकं सबबी पुरवायला लागतं: ‘आज एकच’, ‘बिअरच तर आहे’, ‘कुणाला कळतंय?’ अशा वेळी विचार करून निर्णय घेऊ म्हणाल तर बहुतेक वेळा हराल, कारण तेव्हा वकीलही तलफेचा असतो आणि न्यायाधीशही. निर्णय डोकं शांत असताना घ्यायचा. तलफ आल्यावर तो फक्त अमलात आणायचा.

पुढचं सगळं नशा सुटलेल्यांसाठी आहे. जो माणूस अजून रोज भरपूर पितो, त्यानं हे वाचून घरच्या घरी दारू एकदम तोडू नये. पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

पहिलं काम: वही घ्या

तलफ कधी, कुठे, कुणाबरोबर असताना येते, ते आठवडाभर लिहा. ‘टेन्शन आलं की’ एवढं लिहून भागत नाही. ‘शुक्रवारी सात वाजता, कंपनीची बस नाक्यावर सोडते तेव्हा’ असं लिहा. मेंदूनं नशेची सांगड असंख्य खुणांशी घातलेली असते आणि ती खूण दिसली की तो आधीच तयारीला लागतो. कुणाला चकण्याच्या शेंगदाण्यांचा वास पुरतो, तर ब्राऊन शुगर पन्नीवर तापवून ओढणाऱ्याला चॉकलेटची चंदेरी पन्नी. पगाराचा मेसेज हा बऱ्याच जणांचा ट्रिगर असतो. आनंदाची बातमीही असते, आणि ती यादीत लिहायची राहूनच जाते.

दुसरं: वाटेतले काटे काढा

घरातली बाटली ‘पाहुण्यांसाठी’ म्हणूनही ठेवू नका. माल देणाऱ्याचा नंबर डिलीट करून ब्लॉक करा. बार वाटेत येत असेल तर आधीच्या स्टॉपवर उतरा, दहा मिनिटं जास्त चाला. पगाराचा दिवस अवघड जात असेल तर काही महिने पैशांचा व्यवहार बायकोकडे, आईकडे किंवा भावाकडे द्या. यात कमीपणा वाटतो हे खरं, पण खिशात पाचशेची नोट असली की तलफ आणि गुत्ता यांच्यामधलं अंतर फार कमी होतं.

गटारी, थर्टी फर्स्ट, लग्नाची वरात हे दिवस कॅलेंडरवर आधीच दिसतात, तेव्हा बेतही आधीच करा. जावंच लागणार असेल तर जेवून जा, तुम्ही सोडलंय हे माहीत असलेला एक माणूस सोबत ठेवा आणि हातात स्वतः घेतलेला सरबताचा ग्लास धरा. रिकामा हात दिसला की कुणीतरी भरतंच. आग्रहाला ‘गोळ्या चालू आहेत’ एवढं उत्तर पुरतं. आषाढी अमावस्येला बेसावध राहून सहा महिन्यांची मेहनत वाया घालवायची, हे मला तरी परवडण्यासारखं वाटत नाही.

तिसरं: तलफ आलीच, तर

तलफ चढते, शिगेला पोचते आणि उतरते. ती पुरवली नाही तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. म्हणजे आयुष्यभराची शपथ नको, पुढचा अर्धा तास पुरे. घड्याळ बघा आणि मनाशी म्हणा, ‘आत्ता तलफ आली आहे.’ मग जागा सोडा. खोलीत असाल तर बाहेर या, बाहेर असाल तर घरी किंवा माणसांत जा. काहीतरी खा. रिकाम्या पोटी तलफ जोर धरते, म्हणून संध्याकाळचं खाणं चुकवू नका. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी आत्ता काय आहे ते तपासा आणि त्याचाच इलाज करा.

फोनसाठी तीन नंबर आधीच सेव्ह करा आणि त्या माणसांना आधीच विचारून ठेवा: ‘रात्री-अपरात्री फोन केला तर उचलशील ना?’ यातला एक तरी स्वतः व्यसनातून बाहेर आलेला असावा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगमध्ये अशी माणसं भेटतात. तिथे फी नसते, दारू सोडायची इच्छा एवढीच अट असते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले असतील, तर फॉलोअपला जाणं थांबवू नका. ‘आता बरा आहे, कशाला जायचं’ हे वाक्य मला तलफेचंच वाटतं.

औषधांबद्दल

तलफ कमी करणारी औषधं आहेत. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. ब्राऊन शुगरसारख्या अफूजन्य नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिन. मनोविकारतज्ज्ञच ती ठरवतात. डायसल्फिरम वेगळं: ते तलफ घालवत नाही, पण त्यावर दारू प्यायलं की जोरदार रिअॅक्शन येते. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. आमटीतून गुपचूप काही दिलं तर तो माणूस नेमकं काय पितोय आणि त्यावर काय होणार, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि घसरलात तर

‘आता गेलंच सगळं’ म्हणून बाटली संपवू नका. उरलेली ओतून टाका, त्याच दिवशी त्या तिघांपैकी एकाला सांगा, आणि वहीत लिहा: त्याआधीच्या दोन दिवसांत काय झालं होतं? पावडर घेणाऱ्यांना एक सूचना: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, माणूस उठेना, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणत थांबू नका, १०८ ला फोन करा.

आपल्या माणसांशी बोलायची लाज वाटत असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १४४४६ आहे आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत.