चोखणी-खेळणी अडकवायची झबली: या चुका टाळा

चोखणी (पॅसिफायर) सारखी जमिनीवर पडू नये म्हणून झबल्याला फीत लावायची, काम दिसायला एवढंच. पण या फितीकडून दोन उलट अपेक्षा असतात. जोराची ओढ बसली की फितीच्या सुट्या टोकाचं टिचबटण सुटलं पाहिजे, आणि शिवण मात्र कधीच निघता कामा नये. बहुतेक शिवलेल्या झबल्यांत नेमकं उलटं सापडतं. बटण इतकं घट्ट की आईलाही नखानं उघडावं लागतं, आणि फीत मात्र एका सरळ टिपेवर लोंबकळत असते.

फीत लांब ठेवणं

युरोपात चोखणी-अडकणीची कमाल लांबी 220 मिलीमीटर ठरवून दिली आहे, म्हणजे 22 सेंटीमीटर. ही अगदी वरची मर्यादा. झबल्याला शिवून टाकलेली फीत याहून बरीच आखूड चालते. बाळाला उताणं निजवा, फीत जिथे शिवायची तिथून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा आणि 2 सेंटीमीटर वाढवा. चार-सहा महिन्यांच्या बाळाला साधारण 13 ते 15 सेंटीमीटर भरतं. मग फीत गळ्याभोवती फिरवून बघा. टोक परत फितीच्या मुळाशी पोचलं तर ती लांब आहे, कापा.

"मोठं झाल्यावरही चालेल" म्हणून लांबी राखून ठेवू नका. फीत स्वस्त आहे.

चुकीच्या जागी अडकवणं

आपल्याकडे बाळाच्या गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असतोच. चोखणी त्यातच ओवायची सवय घराघरात दिसते, आणि या लेखातली सगळ्यात धोक्याची चूक हीच. दोरा तुटत नाही, सुटत नाही, खिळ्याला किंवा पाळण्याच्या कडीला अडकला की थेट गळा आवळतो. लाळेऱ्याच्या नाडीला आणि कुंचीच्या बंदालाही तोच नियम. करदोड्याला खेळणं बांधणारेही आहेत. तो गळ्यात नसला तरी न सुटणारा दोराच आहे, म्हणून तेही नको.

फितीची जागा छातीवर, गळ्याच्या कडेपासून 4 ते 5 सेंटीमीटर खाली, मधोमध न धरता जरा एका बाजूला. खांद्याच्या शिवणीत फीत घालणं सोपं पडतं खरं, पण ती गळ्याला फार जवळ येते. सहा महिन्यांचं झबलं नवव्या महिन्यात घातलं की ते वर सरकतं आणि फीतही गळ्याकडे येते, हेही लक्षात असू द्या.

थंडीत आणखी एक घोळ होतो. झबल्यावर स्वेटर चढतो, फीत आत जाते, मग चिमट्याची वेगळी अडकणी स्वेटरच्या लोकरीत लावली जाते. लोकरीचा टाका ओढला जातो आणि चिमट्याचे दात धरत नाहीत. हिवाळ्यासाठी फीत वरच्या कपड्यावरच शिवा.

होजिअरीवर थेट शिवणं

झबलं होजिअरीचं असेल तर फितीखाली आतून आधार हवाच. 3 बाय 3 सेंटीमीटरचा सुती कापडाचा तुकडा पुरतो, त्याला पातळ पेस्टिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावलं तर आणखी बरं. आधार नसेल तर दोन-चार धुण्यांत त्या जागी टोक येतं, मग भोक. विट्याकडचं मागावरचं सुती कापड ताणत नसल्यानं टीप चांगली धरतं, पण चिमुकल्याच्या अंगाला ते जरा कडक वाटतं.

फीत 10 मिलीमीटर रुंद, सुती. साताऱ्याच्या खणआळीत किंवा सांगलीच्या कापडपेठेत मीटरवर घेतलेली फीत आणि कापड, दोन्ही आधी धुऊन वाळवा आणि मग कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात एक आटतं, दुसरं तसंच राहतं आणि छातीवर चुणी पडते.

शिवताना फितीचं टोक 1 सेंटीमीटर आत दुमडा आणि त्यावर चौकट-फुली घाला: चारी बाजूंनी टीप, मधून दोन तिरप्या. टाका अडीच मिलीमीटरचा, सुई होजिअरीची, 11 नंबर. बारीक टाका जास्त पक्का असा समज आहे. होजिअरीवर बारीक टाका म्हणजे तिकिटाच्या कडेसारखी ओळीनं भोकं, कापड तिथूनच फाटतं.

बटणाची तक्रार

सुट्या टोकाला चोखणीच्या कडीतून जाणारा फासा असतो. फीत 4 सेंटीमीटर दुमडायची आणि टिचबटणाचे दोन भाग समोरासमोर लावायचे. 20 मिलीमीटरची रुंद फीत घेतली तर ती कडीत गोळा होते आणि बटण बसतच नाही.

बटण आपोआप सुटत असेल तर आधी खोलगट भागात अडकलेला धागा टाचणीनं काढा. तरी सुटलं तर फीत जाड आहे, त्यामुळे बटणाची खिळी (कापडातून आरपार जाणारं टोक) पूर्ण दाबली गेलेली नाही. ते बटण काढून नवं लावा, जुनंच पुन्हा ठोकू नका. धातूच्या पंजाचं बटण असेल तर मागच्या बाजूवर कापसाचा बोळा फिरवा. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी दात बाहेर आहे आणि तो गालाला ओरखडा काढणार. प्लॅस्टिकच्या बटणात हा त्रास नाही, फक्त त्यावर इस्त्री फिरवू नका.

बटण सुटलं आणि चोखणी खाली पडली तर बिघडलं काही नाही. बटणच निखळून बाळाच्या मुठीत आलं तर मात्र तो घशात अडकणारा तुकडा झाला. खेळण्यांच्या चाचणीत लहान भाग 31.7 मिलीमीटर व्यासाच्या नळीत टाकून बघतात, पूर्ण मावला तर धोक्याचा. घरी अंदाज घ्यायला 10 रुपयांचं नाणं 27 मिलीमीटरचं आहे. त्याहून जरासं मोठं भोक डोळ्यासमोर आणा. मणी, घुंगरू, मोत्याची फुलं सगळी त्यातून जातात. म्हणून फितीवर सजावट नकोच.

शिवण तपासायला सामान तोलायचा लटकता काटा घ्या. फीत पक्कडीत धरून हुकाला लावा आणि 9 किलोपर्यंत सावकाश ओढून 10 सेकंद धरा. युरोपच्या खेळण्यांच्या मानकात 6 मिलीमीटरहून मोठ्या भागाला 90 न्यूटनची ओढ देतात, ती साधारण एवढीच. एका टाक्यानंही आवाज केला तर उसवून पुन्हा शिवा. विकण्यासाठी शिवत असाल तर प्रत्येक नव्या कापडावर एक नमुना असा ओढून फाडायला ठेवाच.

जड खेळणं

खुळखुळा किंवा दात येतानाचं चावणं अडकवायचं तर झबलं घालून, खेळणं लावून बाळाला मांडीवर बसवा. गळ्याची कड खाली ओढली गेली तर खेळणं जड आहे. चावण्यासाठी फीत पोटाशी, जिथे दोन्ही हात एकत्र येतात तिथे. बाहीच्या कडेला लावायची तर 5-6 सेंटीमीटरच. खेळण्यावर आयएसआयचा शिक्का बघून घ्या, भारतात 1 जानेवारी 2021 पासून तो बंधनकारक आहे.

झोळीत फितीसकट

झोळीत बाळ मुडपून निजतं, हनुवटी छातीला टेकते आणि फीत बरोबर त्या घडीत जाते. झोळी असो, पाळणा असो, झोपवताना फीत असलेलं झबलंच बदला. चोखणी तोंडात सुटी राहिली तर चालेल.

पावसाळ्यात

पाटण, महाबळेश्वरकडे जुलै-ऑगस्टमध्ये फीत दोन दिवस वाळत नाही. लाळेनं भिजलेली फीत छातीला घासून लाल चट्टे उठतात, दुमडलेल्या फाशात काळे ठिपके येतात. फासा उघडूनच वाळत घाला. रोज दोन-तीन झबली लागतील असं धरून चाला. हे ठिपके फीत उकळूनही जात नाहीत, ती उसवून नवी लावा.