सिम्युलेशनमधला डिटेक्टर फारच भारी निघतोय? या चुका टाळा

सिंटिलेटर क्रिस्टल (किरणोत्सर्गाची ऊर्जा शोषून प्रकाश देणारा) आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (हजारो सूक्ष्म सेलांनी तो प्रकाश मोजणारा सेन्सर) या जोडीचं सिम्युलेशन पहिल्यांदा नीट चालतं, तेव्हा टायमिंगचा (किरण आल्याची वेळ किती अचूक कळते त्याचा) आकडा बहुधा डोळे दिपवणारा येतो. असा आकडा दिसला की आधी काय घालायचं राहिलं ते शोधा. संगणकाला जे सांगितलं नाही ते तिथे घडत नाही, आणि न सांगितलेल्या बहुतेक गोष्टी वेळ बिघडवणाऱ्याच असतात.

प्रकाश उगवायला लागणारा वेळ. एलवायएसओ या सिंटिलेटरचा क्षयकाळ (प्रकाश विझत जाण्याचा काळ) सुमारे 40 नॅनोसेकंद, हे सगळे घालतात. पण टायमिंग ठरतं ते पहिल्या काही फोटॉनांवर, म्हणजे पल्सच्या चढावर. जिअँट4 या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये हा चढ मुळात बंद असतो. त्याची किंमत मटेरियलमध्ये लिहूनही स्विच चालू केला नाही, तर प्रोग्रॅम निमूटपणे तिच्याकडे दुर्लक्ष करतो. एररही येत नाही.

याच्या शेजारची चूक अपवर्तनांकाची. सर्व तरंगलांबींना 1.82 हा एकच आकडा दिला, तर क्रिस्टलमधला प्रकाश प्रत्यक्षापेक्षा वेगाने धावतो. समूहवेग (प्रकाशाचा पल्स प्रत्यक्ष ज्या वेगाने जातो तो) काढायला तरंगलांबीनुसार बदलणारा तक्ता लागतो. 20 मिलिमीटर लांबी सरळ पार करायलाच 120 पिकोसेकंद लागत असतील, तर हा फरक किरकोळ म्हणता येत नाही.

उलट लक्षण, म्हणजे प्रकाशच फार कमी मिळणं, दिसलं तर क्रिस्टलभोवतीची हवा तपासा. तिला अपवर्तनांक दिला नसेल तर सीमेवर पोहोचलेला फोटॉन तिथेच मारला जातो.

सेन्सरची पीडीई (आलेल्या फोटॉनांपैकी किती टिपले जातात ते प्रमाण) दोनदा कापणं. डेटाशीटमधल्या पीडीईमध्ये फिल फॅक्टर (सेन्सरच्या पृष्ठभागाचा प्रकाश टिपणारा भाग किती, ते प्रमाण) आधीच धरलेला असतो. त्यावर पुन्हा फिल फॅक्टरने गुणलं की बराच प्रकाश विनाकारण गायब. शिवाय तो आकडा कोणत्या ओव्हरव्होल्टेजचा (सेल पेटू लागण्याच्या व्होल्टेजवर आणखी किती दिला त्याचा) आहे, हेही बघा.

सॅच्युरेशन, म्हणजे सेन्सरचे सेल अपुरे पडणं, विसरणं. मला सगळ्यात धोकादायक हीच चूक वाटते, कारण ती निकाल बिघडवत नाही, सुधारून दाखवते! 511 केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या गॅमा किरणाला एलवायएसओ सुमारे 15,000 फोटॉन देतो. त्यातले निम्मे सेन्सरवर आले आणि पीडीई 40 टक्के असली, तर 3000 सेल पेटायला हवेत. पण सेन्सरमध्ये सेलच 3600 असतील, तर एकाच सेलवर दोन-दोन फोटॉन पडतात आणि घातांकी सूत्रानुसार सुमारे 2035 च पेटतात. (पल्स लांब असल्याने काही सेल मध्येच सावरतात, पण पहिल्या अंदाजाला हे सूत्र पुरतं.) फोटोपीक (पूर्ण ऊर्जा शोषली गेल्याचं आलेखावरचं शिखर) दाबला जातो, म्हणून अरुंद दिसतो. या स्थितीत 10 टक्के दिसणारं ऊर्जा-रिझोल्यूशन दुरुस्तीनंतर 15 टक्क्यांच्या पुढे जातं. तपासणी सोपी आहे: सोडियम-22 हा किरणोत्सर्गी स्रोत लावा आणि 1275 व 511 केईव्हीच्या पीकचं गुणोत्तर काढा. पेडेस्टल (सिग्नल नसतानाचं वाचन) वजा केल्यावर ते 2.5 च्या आसपास नसेल, तर आधी रेषीयता दुरुस्त करा आणि मगच टक्केवारी सांगा.

क्रॉसटॉक (एका सेलमुळे शेजारचा पेटणं), आफ्टरपल्स (तोच सेल थोड्या वेळाने पुन्हा पेटणं), डार्क काउंट (प्रकाशाविना सेल पेटणं) हे तिन्ही मॉडेलमध्ये असायलाच हवेत, विशेषतः थ्रेशोल्ड पहिल्या एक-दोन फोटॉनांवर ठेवणार असाल तर.

आकडा नेमका कशाचा? एका गटाचा 100 आणि दुसऱ्याचा 333 पिकोसेकंद हे एकच डिटेक्टर असू शकतात. एका डिटेक्टरचा सिग्मा (प्रमाण विचलन) 100 असेल, तर तशा दोघांच्या जोडीसाठी तो 1.41 ने वाढतो आणि अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी सांगताना आणखी 2.355 ने. टाइम-ऑफ-फ्लाइट पेटमध्ये (दोन गॅमा किरणांच्या पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून जागा शोधणाऱ्या वैद्यकीय स्कॅनमध्ये) 333 पिकोसेकंद म्हणजे रेषेवर 5 सेंटिमीटरची अनिश्चितता, 1.5 सेंटिमीटर हवी असेल तर जोडीची रुंदीच 100 असावी लागते. अहवालात आकड्यापुढे सिग्मा की रुंदी, एक की जोडी, हे लिहाच.

टेबलावर मोजलेला आकडा मात्र सकाळ-संध्याकाळ बदलत असेल, तर सिम्युलेशन उकरत बसू नका. सेन्सरचा ब्रेकडाउन व्होल्टेज (सेल पेटू लागतात तो) तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला दोन आकडी मिलिव्होल्टने. बायस (सेन्सरला दिलेला व्होल्टेज) तसाच राहिला की गेन (सिग्नलची वाढ) आणि पीडीई दोन्ही हलतात. तापमानाची नोंद प्रत्येक रनच्या फाइलमध्येच ठेवा.

आणि क्लस्टरवर शंभर जॉब सोडताना प्रत्येकाला वेगळा रँडम सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ती संख्या) द्या. नाहीतर तेच इव्हेंट शंभरदा मोजले जातात आणि एरर बार दहापट लहान दिसतो.