पेट्रोल कोण भरतं?

एम.ए.ला लष्करी इतिहास घेतला तेव्हा माझ्या वहीत विमानांची नावं आणि वैमानिकांचे पराक्रम, एवढंच होतं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटावर झालेल्या लढाईवरचा निबंध मॅडमकडे नेला. त्यांनी चाळला आणि विचारलं, "यात पेट्रोल कोण भरतं गं?" मला सांगता येईना. लष्करी रसदेच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांनी या प्रश्नापासूनच सुरुवात करावी.

20 ऑगस्ट 1942 रोजी हेंडरसन फील्ड या तिथल्या अमेरिकी धावपट्टीवर 19 वाइल्डकॅट लढाऊ विमानं आणि 12 डॉन्टलेस बॉम्बफेकी विमानं उतरली. बॉम्ब उचलायला यंत्र नव्हतं, माणसंच चढवत. पेट्रोल 55 गॅलनच्या पिंपांतून हातपंपाने ओढायचं, मऊ चामड्यातून गाळायचं. वाइल्डकॅटची टाकी 144 गॅलनची, म्हणजे एका विमानाला अडीच पिंपांहून जास्त. भरलेलं पिंप दीडशे किलोच्या पुढे. ते बोटीतून वाळूवर उतरवून झाडीत लपवणारे हात कोणाचे, हे शोधायला लागलात की विषय हाती लागला समजा.

13-14 ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या जपानी युद्धनौकांनी तळ भाजून काढला, बहुतेक पेट्रोल जळालं. मग एस्पिरितु सांतो बेटावरच्या अमेरिकी तळाहून सी-47 जातीची मालवाहू विमानं पिंपं आणू लागली, एका खेपेला साधारण बारा. अंतर साडेपाचशे सागरी मैल. एका रात्री मी हिशेब मांडला: एका खेपेत चार वाइल्डकॅट भरून थोडंसं उरतं, आणि जाऊन-येऊन ते मालवाहू विमान स्वतःच जवळपास तेवढं पेट्रोल पितं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! पण त्या आठवड्यात तोही परवडला. पुढे 'अँबरजॅक' या पाणबुडीतून 9,000 गॅलन पेट्रोल ग्वादलकनालजवळच्या तुलागी बेटावर नेलं, इतकी नड होती.

माझी मोठी चूक सांगते. मी रवाना झालेला माल मोजत बसले, पोहोचलेला नाही. वाटेवरच्या नूमेआ (न्यू कॅलेडोनिया) बंदरात मात्र जहाजं भरलेलीच उभी, कारण उतरवायला धक्के आणि माणसं कमी. दोन महिन्यांचे तक्ते फाडून पुन्हा केले.

कागद वाचताना आणखी काही गोष्टी छळतात. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 चा. जपानी नोंदी टोकियोच्या वेळेत, ग्वादलकनालच्या घड्याळाच्या दोन तास मागे. रात्रीच्या हल्ल्याची तारीखच बदलून जाते. जागांना सांकेतिक नावं: ग्वादलकनाल म्हणजे 'कॅक्टस', एस्पिरितु सांतो 'बटन'. वहीच्या पहिल्या पानावर ही यादी लिहून ठेवा.

आणि एखाद्या तुकडीची मासिक नोंद हाती आली, की हवाई चकमकींचं पान मागाहून उघडा. आधी डॉक्टरचं पान काढा. मलेरियाने किती मेकॅनिक आडवे झाले, ते तिथे असतं.